काटा चालू, पावती बंद : पोर्ट ५०००० चं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात रस्त्याला लागून असलेली, कापसातून सरकी वेगळी करणारी ही खासगी जिनिंग. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस सुरू झाला की पहाटेपासून फाटकाबाहेर बंड्या, ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा येते. आधी भरलेली, मग कापूस गंजीवर उतरवून रिकामी. दोन वजनांतला फरक गुणिले ग्रेडरनं लावलेला भाव, हाच कास्तकाराचा वर्षाचा पैसा. पावती अडली की गाडी काट्यावरून हलत नाही आणि मागची सगळी रांग थांबते.

काट्याचा इंडिकेटर सिरियल केबल आणि यूएसबी कन्व्हर्टरमार्फत केबिनमधल्या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडलेला होता. त्यावरचा पायथॉन प्रोग्रॅम इंडिकेटरचं वजन वाचायचा आणि टीसीपी या नेटवर्क-पद्धतीच्या पोर्ट ५०००० वर, म्हणजे जोडायला येणाऱ्यांसाठीच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकत बसायचा. या पोर्टला चार जण जोडले जायचे: पावती छापणारा केबिनचा पीसी, हिशेबाच्या खोलीतला पीसी, ग्रेडरचा टॅब आणि फाटकावरचा एलईडी बोर्ड. बोर्ड दिवसभर जोडलेला राहायचा. बाकीचे तिघं दर कामाला नवीन कनेक्शन उघडायचे, आणि उत्तर पाठवून झालं की सर्व्हर, म्हणजे हाच प्रोग्रॅम, स्वतःच कनेक्शन बंद करायचा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं, पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. दुसरी नोंद विजेची. लिनक्स कॉम्प्युटर यूपीएसवर होता, इंडिकेटर आणि बोर्ड थेट लाइनवर.

अडचण

लाइन गेली आणि मिनिटभरात परत आली, की पावत्या बंद पडायच्या. इंडिकेटरवर आकडे दिसायचे, पण छापायला गेलं की केबिनच्या पीसीवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मापाऱ्याचा तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याला फोन जायचा, "भाऊ, काटा तं चालू हाय, पण पावतीच निघून नाही राहिली."

त्यावर दोन घरगुती उपाय रूढ झाले होते. एक, लिनक्सचा डबा बंद करून पुन्हा चालू करायचा. दोन, चहा पिऊन यायचं आणि मग डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून प्रोग्रॅम हातानं सुरू करायचा. दोन्ही उपाय चालायचे. त्यावरून 'मशीन गरम होते, थंड झाली की चालते' असा समज झाला आणि डब्याच्या बाजूला पंखाही बसवला गेला.

दुरुस्तीवाला मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी फाटक उघडायच्या आधी आला, सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा हाच प्रोग्रॅम, रीस्टार्ट करून पाहिली, दरवेळी ती नीट उठली. त्या वेळी बोर्ड बंद असायचा आणि रात्रभर एकही पावती निघालेली नसायची, म्हणून त्याला दोष दिसणं शक्यच नव्हतं.

लॉगमध्ये काय सापडलं

तिसऱ्या वेळी सिस्टिमडीचं (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारा आणि मेले तर उठवणारा भाग) जर्नल, म्हणजे नोंदवही, उघडलं. घटनांचा क्रम असा होता. लाइन परत येताना केबलमधून बसणाऱ्या झटक्यानं कन्व्हर्टर यूएसबीवरून क्षणभर निखळायचा. सिरियल पोर्ट हातातून गेल्यामुळे प्रोग्रॅम एरर देऊन मरायचा. सिस्टिमडी त्याला लगेच उठवायचा, आणि नवीन प्रोग्रॅम पोर्ट ५०००० मागायला गेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नकार द्यायचा: एरर ९८, 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'. पुन्हा प्रयत्न, पुन्हा ९८. पाच वेळा असं झालं की शेवटची ओळ यायची, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली', आणि त्यानंतर शांतता.

म्हणजे दोष दोन थरांचा होता. पहिला थर कर्नलचा, तो फार तर मिनिट-दोन मिनिटांचा. दुसरा सिस्टिमडीच्या मुळातल्या सेटिंगचा: दोन प्रयत्नांत १०० मिलिसेकंद थांबायचं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊनही टिकलं नाही तर नाद सोडायचा. मिनिटभराची अडचण माणूस येईपर्यंत लांबायची ती या दुसऱ्या थरामुळे.

कर्नल नकार का देत होता? सॉकेटची, म्हणजे नेटवर्क-जोडणीच्या आपल्याकडच्या टोकांची, यादी दाखवणारी 'एसएस' ही कमांड त्या पोर्टपुरती चालवली, तेव्हा ५०००० वर ऐकणारं कोणीच नव्हतं, पण सात-आठ ओळी टाइम-वेट अवस्थेत होत्या. टायमरचा पर्याय लावल्यावर प्रत्येकीपुढे उरलेले सेकंद दिसत होते: ४७, ३९, १२.

टीसीपीत जी बाजू आधी कनेक्शन बंद करते तिला टाइम-वेटमध्ये थांबावं लागतं. कारणं दोन. शेवटची पोच वाटेत हरवली तर समोरचा पुन्हा विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला कोणी तरी हवं. आणि जुन्या कनेक्शनचं उशिरा पोचलेलं पॅकेट त्याच पत्त्याच्या नव्या कनेक्शनमध्ये शिरू नये. काट्यावरही भरलेल्या गाडीची पावती रिकामी गाडी परत येईपर्यंत उघडीच ठेवतात, तसंच हे. टीसीपीच्या १९८१ च्या प्रमाण-दस्तऐवजात, आरएफसी ७९३ मध्ये, पॅकेटचं कमाल आयुष्य २ मिनिटं धरलं आहे आणि थांबायचं त्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटं. लिनक्समध्ये ही मुदत ६० सेकंद आहे आणि ती कर्नलच्या कोडमध्येच पक्की लिहिलेली आहे.

आता 'चहा पिऊन या' का चालायचं ते कळतं. चहाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. डबा बंद-चालू केला तर टाइम-वेटची यादी कर्नलच्या मेमरीबरोबरच पुसली जाते. गर्दीच्या वेळी दोष हमखास यायचा, कारण मागच्या ६० सेकंदांत सर्व्हरनं एखादं तरी कनेक्शन बंद केलेलं असायचंच.

बोर्डाची गोष्ट जरा निराळी. लाइन गेली की तो काही न सांगता मरतो. सर्व्हरनं त्याला पाठवलेल्या 'बंद करतो' या निरोपाला उत्तर येत नाही. ते सॉकेट फिन-वेट-१ मध्ये, म्हणजे निरोपाच्या पोचेची वाट पाहण्याच्या अवस्थेत, अडकून पुन्हापुन्हा निरोप पाठवत राहतं, आणि हे ६० सेकंदांपेक्षा जास्तही चालू शकतं. यादीत तीही एक ओळ होती.

समोरचे पर्याय

दुरुस्तीवाल्यानं आधीच कर्नलची 'टीसीपी_फिन_टाइमआउट' ही सेटिंग ६० वरून १० वर आणून ठेवली होती. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ती किंमत फिन-वेट-२ या वेगळ्याच अवस्थेची (पोच मिळाली, समोरच्याच्या निरोपाची वाट) आहे, टाइम-वेटच्या ६० सेकंदांना ती हातही लावत नाही. मुळातला आकडाही योगायोगानं ६० च आहे, म्हणून अंदाज बरोबर वाटतो. ती परत मूळ किमतीवर नेली.

'टीसीपी_टीडब्ल्यू_रीयूज' एक करून पाहावं का? ते फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी आहे. ऐकणाऱ्या सर्व्हरच्या बाइंडशी, म्हणजे पोर्ट ताब्यात घेण्याशी, त्याचा संबंध नाही. 'टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल' तर लिनक्स ४.१२ पासून काढूनच टाकलं आहे, आणि ते गेलं हे बरं झालं. एकाच राउटरमागून येणाऱ्या अनेक मोबाइल-टॅबपैकी काहींची कनेक्शनं ते गुपचूप फेकून द्यायचं. जुन्या कर्नलवर कोणाला अजून ते चालू दिसलं तर आजच बंद करावं.

सिस्टिमडीला ६५ सेकंद थांबायला लावणं हा सोपा मार्ग होता. पण प्रत्येक झटक्याला काटा मिनिटभर बंद राहणार, आणि बोर्डाचं अडकलेलं सॉकेट ६५ सेकंदांत सुटेलच याची हमी नाही.

लिंगरची, म्हणजे बंद करताना उरलेला मजकूर पोचावा म्हणून थांबायची, मुदत शून्य करून कनेक्शन तोडून टाकलं तर टाइम-वेट उरतच नाही, कारण कर्नल नीट निरोप घेण्याऐवजी रीसेट पाठवतो. पण त्या क्षणी वाटेत असलेला मजकूरही त्याबरोबर जातो. जिथं त्या मजकुरात पावतीचं निव्वळ वजन आहे, तिथं हा पर्याय विचारातही घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरले सॉकेटवर लावायचे दोन पर्याय: एसओ_रीयूजअ‍ॅडर आणि एसओ_रीयूजपोर्ट. नावं सख्ख्या भावांसारखी, काम मात्र वेगळं, आणि इथंच प्रकरण बिघडलं.

चुकलेला निर्णय

फोनवरून सल्ला मिळाला की रीयूजपोर्ट लावा, ते नवीन आहे, दोन्ही कामं करतं. एक ओळ घातली. रीस्टार्ट झटक्यात होऊ लागला. भर गर्दीत दहा वेळा करून पाहिला, एकदाही एरर ९८ नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

दोन दिवसांनी लाइन जाऊन आली. सर्व्हिस आपोआप उठलीही होती, पण मापाऱ्यानं सवयीनं डेस्कटॉपवरचा 'काटा चालू करा' आयकॉन दाबला. पूर्वी अशा वेळी दुसरा प्रोग्रॅम एरर ९८ देऊन लगेच मरायचा आणि काही बिघडायचं नाही. या वेळी दोन्ही जिवंत राहिले.

रीयूजपोर्ट लिनक्समध्ये ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. त्याचं काम एकाच पोर्टवर अनेक प्रोग्रॅमना मुद्दाम ऐकू देणं आणि येणारी कनेक्शनं त्यांच्यात वाटणं. सगळ्यांनी तो पर्याय लावलेला हवा आणि सगळे एकाच यूजरचे हवेत, एवढीच अट. इथं सर्व्हिस आणि डेस्कटॉप एकाच यूजरवर चालत होते, त्यामुळे अट आपसूक पूर्ण झाली. कर्नल दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश, म्हणजे त्यांतून बनणारा एक आकडा, काढून कनेक्शन कोणाकडे द्यायचं ते ठरवतो. केबिनच्या पीसीचा स्रोत पोर्ट दर पावतीला बदलायचा, म्हणून एक पावती या प्रोग्रॅमकडून तर पुढची त्या प्रोग्रॅमकडून निघू लागली.

पावती क्रमांक मात्र प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना फाइलमधून एकदाच वाचायचा आणि पुढे स्वतःच्या मेमरीत मोजायचा. दुपारी हिशेबाच्या टेबलावर ४१२ क्रमांकाच्या दोन पावत्या शेजारी शेजारी आल्या, एक बंडीची, एक ट्रॅक्टरची. हिशेबनीसानं दोन्ही बाजूला काढून चुकारे थांबवले, हे नशीब. शिवाय दोन्ही प्रोग्रॅम एकाच सिरियल पोर्टवरून वाचत होते. लिनक्स तशी मुभा देतं, आणि येणारे बाइट ज्याच्या हाती लागतील त्याचे होतात. इंडिकेटरची अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे. प्रोग्रॅम तुटलेली ओळ टाकून देत होता म्हणून चुकीचं वजन छापलं गेलं नाही, बोर्डावर नुसत्या आडव्या रेघा येत राहिल्या. ओळीची लांबी तपासण्याची ती एक अट कोडमध्ये नसती तर काय छापलं गेलं असतं, याची कल्पना करवत नाही. सकाळपासूनची प्रत्येक पावती ग्रेडरच्या नोंदीशी ताडून पाहिली, दोन्ही गाड्या पुन्हा काट्यावर घेतल्या.

एरर ९८ हे त्या दिवसापर्यंत कुंपणाचंही काम करत होतं. ते काढताना आत काय राखलं जात होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

केलेली कामं

रीयूजपोर्टची ओळ काढली आणि एसओ_रीयूजअ‍ॅडर लावलं. लिनक्सवर त्याचा टीसीपीसाठीचा अर्थ नेमका आहे: त्या पोर्टवरचं जुनं सॉकेट ऐकत्या अवस्थेत नसेल, आणि जुन्या-नव्या दोघांवरही हा पर्याय लागलेला असेल, तर बाइंड होऊ दे. टाइम-वेट चालतं, अडकलेलं फिन-वेटही चालतं. पण खरोखर ऐकणारा दुसरा प्रोग्रॅम असेल तर एरर ९८ येतोच. जो अडथळा नको होता तेवढाच निघाला, कुंपण जागेवर राहिलं.

पायथॉनच्या सॉकेटसर्व्हरमध्ये हा पर्याय मुळात बंद असतो. तो 'अलाऊ_रीयूज_अ‍ॅड्रेस' या नावानं क्लासमध्येच चालू करावा लागतो. सर्व्हरचं ऑब्जेक्ट तयार झाल्यावर लावला तर उपयोग नाही, कारण बाइंड तयार होतानाच झालेलं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं तो विंडोजच्या लॅपटॉपवर तपासला होता. विंडोज टाइम-वेट असतानाही बाइंड करू देतं, म्हणून त्याला हा एरर कधी दिसलाच नाही. विंडोजवर याच नावाचा पर्याय चालत्या सर्व्हरच्या पोर्टवर दुसऱ्याला बसू देतो, हेही लक्षात ठेवायला हवं. तिथं आपलं पोर्ट राखायला एसओ_एक्सक्लूसिव्हअ‍ॅडरयूज वापरतात.

बदल करून पहिला रीस्टार्ट केला आणि पुन्हा एरर ९८ आला. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण वरच्या अटीतच आहे. टाइम-वेटमधली सॉकेटं जुन्या प्रोग्रॅमची होती, त्यांच्यावर रीयूजअ‍ॅडर नव्हतं. सर्व्हिस थांबवली, यादी रिकामी होईपर्यंत एसएस चालवत राहिलो, मग सुरू केली. त्यानंतर या कारणानं कधीच नाही. हा बदल करणारे बरेच जण या पहिल्या अपयशालाच 'याचा उपयोग नाही' म्हणून माघार घेतात.

सिस्टिमडीच्या फाइलमध्ये पुन्हा सुरू करण्याआधीचं थांबणं ५ सेकंद केलं आणि युनिट विभागात 'स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेक' शून्य केलं, म्हणजे तो प्रयत्न सोडणार नाही. सुरू होतानाच एका फाइलवर एफलॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, घ्यायला लावलं, लॉक मिळालं नाही तर प्रोग्रॅम सिरियल पोर्टला हात न लावता बाहेर पडतो. प्रोसेस मेली की कर्नल हे लॉक आपोआप सोडतो, म्हणून पीआयडी फाइलपेक्षा (चालत्या प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवणारी फाइल) हे बरं. सिरियल पोर्ट निखळला तर मरण्याऐवजी दर दोन सेकंदांनी तो पुन्हा उघडायचा, अशी दुरुस्तीही केली. डेस्कटॉपवरचा आयकॉन काढला, पण मापाऱ्याला समोर बसवून का काढला ते सांगून. न सांगता काढला असता तर त्यानं दुसरा काही मार्ग शोधलाच असता, रांग त्याच्या अंगावर येते.

चाचणी या वेळी भर दुपारी, बोर्ड चालू आणि पावत्या निघत असताना घेतली. प्रोसेसला किल ९ (जबरदस्तीनं मारण्याचा हुकूम) दिला, कन्व्हर्टर ओढून काढला, बोर्डाचा प्लग उपटला. दरवेळी ऐकणारा एकच आहे ना, हे यादीत पाहिलं.

पुन्हा तोच एरर

तीन आठवड्यांनी, सकाळी मशीन सुरू होताना, एरर ९८ परत. 'तेच सुरू झालं' म्हणून रीयूजअ‍ॅडरवर बोट ठेवलं गेलं. यादी पाहिली तर टाइम-वेटची एकही ओळ नव्हती. स्थानिक पोर्ट ५०००० वर एक चालू कनेक्शन होतं, बाहेरच्या सर्व्हरकडे जाणारं, आणि ते रोजचा बॅकअप पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं होतं.

बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला कर्नल स्वतः पोर्ट निवडून देतो, लिनक्सवर मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधून. ५०००० त्याच्या मध्यात बसतं. सर्व्हिस ऐकत असताना कर्नल ते पोर्ट टाळतो, पण मशीन सुरू होताना बॅकअप आधी उठला की त्याला ते मिळू शकतं. आणखी एक बारकावा: अलीकडचे कर्नल अशा कनेक्शनांना आधी सम क्रमांकाचे पोर्ट देतात, ५०००० सम आहे. बॅकअपच्या सॉकेटवर रीयूजअ‍ॅडर नाही, म्हणून बाइंड होणार नाही, आणि ते कनेक्शन चालू आहे तोवर होणार नाही. मिनिटभर थांबण्याचा इथं काही उपयोग नाही.

दोन मार्ग होते. पोर्ट ३२७६८ च्या खाली नेणं हे जास्त स्वच्छ. पण बोर्डाच्या कंट्रोलरमध्ये ५०००० पक्कं बसवलेलं होतं आणि तो बदलणारा माणूस ऐन हंगामात मिळत नव्हता. म्हणून सिससीटीएलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या, फाइलमध्ये 'आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स' ला ५०००० लिहिलं. असं राखलेलं पोर्ट कर्नल आपणहून कोणाला देत नाही, नाव घेऊन मागणाऱ्याला मात्र मिळतं. आधीच घेतलेलं कनेक्शन यानं सुटत नाही, त्यासाठी बॅकअप एकदा थांबवून सुरू करावा लागला.

निष्पत्ती

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत लाइन कित्येकदा गेली, आली. पावतीसाठी गाडी काट्यावर अडली ती जास्तीत जास्त काही सेकंद. क्रमांक दुबार निघाला नाही. पंखा अजून तिथंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत जर्नल वाचायला हवं होतं. एरर ९८ एकच असला तरी त्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात: मागे राहिलेली टाइम-वेटसारखी सॉकेटं, खरोखर ऐकणारा दुसरा प्रोग्रॅम, आणि पोर्ट उचललेलं बाहेरचं कनेक्शन. यादीतला अवस्थेचा रकाना पाहिला की दहा सेकंदांत कळतं कोणतं आहे. इथं तिन्ही एका हंगामात भेटली, आणि दुरुस्तीवाल्याच्या पहिल्या दोन भेटींत रकाना न पाहताच उपाय ठरला.

सिस्टिमडीची सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशन ही सोय आधी सुचायला हवी होती. तीत ऐकणारं सॉकेट सिस्टिमडी स्वतःकडे धरून ठेवतो आणि प्रोग्रॅमला फक्त वापरायला देतो. प्रोग्रॅम मेला तरी पोर्ट सुटत नाही, मधे आलेली कनेक्शनं रांगेत थांबतात, 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा भाग बदलावा लागतो. हंगामात तो धोका पत्करला नाही, आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

प्रोटोकॉल नव्यानं लिहायचा झाला तर उत्तर मिळाल्यावर क्लायंटनं आधी कनेक्शन बंद करावं. मग टाइम-वेट केबिनच्या पीसीवर, त्याच्या तात्पुरत्या पोर्टवर बसतं आणि कोणाला त्रास देत नाही. सर्व्हर मेला तर मात्र तोच आधी बंद करणारा ठरतो, म्हणून रीयूजअ‍ॅडर तरीही हवंच. पावती क्रमांक मेमरीत मोजणं हा दोष तर पोर्टच्या आधीचा आहे. क्रमांक डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमधून यायला हवा. ते काम आणि इंडिकेटरला यूपीएसवर घेणं, दोन्ही पुढच्या दसऱ्याच्या आत करायचं ठरलं आहे.